रंगनाथकाकांची जाळी

रंगनाथकाका कुठलीही वस्तू समोरून पाहत नसत. ती वरून कशी दिसेल, एवढीच त्यांना काळजी. लग्न होऊन मी जुन्या जालन्यात आले, शेजारचे वडीलधारे म्हणून त्यांच्या पाया पडले, तर आशीर्वाद राहिला बाजूला. माझ्या लाल लुगड्याकडे पाहून म्हणाले, "पोरी, वरून लई दिसतीस तू. जल्दी आत जा."

मी तेव्हा पंधरा वर्षांची. सगळ्या आळीत आपल्याएवढं हुशार कोणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. कणीक मळता येत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

काका इंग्रजांच्या फौजेत बर्म्याला गेले होते. तोफेवर जाळी टाकून ती झाडीत लपवायची, हे तिथलं त्यांचं काम. ते तिकडे असतानाच इकडे बायको गेली. परत आले ते न वाकणारा उजवा पाय घेऊन, आणि आल्या आल्या अंगणात तुळशीमागे त्यांनी हातभर जागेत लढाई मांडली. काळ्या मातीची वीतभर तोफ, भोवती बोटाएवढे अकरा शिपाई, चुलीत भाजलेले. आणि त्या सगळ्यांवर जाळी.

ती जाळी करणं म्हणजे एक तपश्चर्याच. दवाखान्यातून जखमेला बांधायची विरविरीत पट्टी आणायची, बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळायची. शिंप्याकडच्या चिंध्या तांदळाएवढ्या कातरून कडुलिंबाच्या रसात भिजवायच्या, मग काट्यानं एकेक चिंधी एकेका भोकात ओवून गाठ मारायची. कुठं दाट, कुठं विरळ. दोन गाठी एका ओळीत आल्या की काका चिडत. "देवानं रानात सरळ रेघ मारली का कुठं? मंग आपण कामून मारावी?"

जाळी पुरी झाली की भिंतीपलीकडून हाक यायची, "सूनबाई, माळवदावर जा! वरून पाहा!" त्यांचा पाय जिना चढत नसे.

मी चढायचे. खाली डोकावून पाहिलं तर खरोखर काही दिसायचं नाही. तुळस, माती, थोडा पाचोळा. आणि मी मोठ्यानं सांगायचे, "दिसतंय की काका! डावीकडच्याचं डोकं!"

काका जाळी उचलत. खाली बसून सगळ्या गाठी सोडायला घेत. पुन्हा महिनाभराचं काम. मी तोंडात पदर कोंबून हसायचे. असल्या अकलेची मी!

एकदा सासूबाईंनी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या. काकांनी कधी येऊन त्यांच्यावर एक मोठी ओली जाळी पसरली, कोणाला कळलं नाही. जाळी उचलली तर कुरडया हिरव्यागार.

"भाऊजी, माझ्या कुरडया काय लढाईला निघाल्या?" सासूबाई कडाडल्या.

"वैनी, वरून चकाकून राह्यल्या होत्या," काका म्हणाले.

त्या वर्षी आम्ही सणासुदीला कडू कुरडया खाल्ल्या.

मी मात्र धीट. एके दुपारी विचारलंच, "काका, शिपाई अकराच कामून? तोफ एवढी मोठी, दोन-चार वाढवा की."

त्यांनी एकेक शिपाई उचलून अंगठ्यानं पुसला. "हा बाबू. ह्याला घरचं पत्र मी वाचून दाखवायचो. हा सुलेमान. ह्याला दाढेचं दुखणं." असे अकरा. मग म्हणाले, "तेवढेच होते. जाळी मी बांधल्ती. टेकडीवर चढून मीच वरून पाह्यलं अन् ओरडलो, काही दिसत न्हाई, जेवा निवांत. विमान आलं ते सीधं त्यांच्यावरच."

"अन् तुम्ही?"

"टेकडीवरच होतो ना. पाहत." शिपाई जागेवर ठेवत ते म्हणाले, "माझा डोळा खोटा निघाला, सूनबाई. म्हणून तुझ्या डोळ्यानं पाहतो."

आता तरी मी खरं सांगायला हवं होतं की नाही? पण इतके दिवस 'दिसतंय' म्हणून एकदम 'दिसत नाही' म्हटलं, तर माझी लबाडी उघडी पडली असती. शहाणीची अब्रू ना! पुढच्या खेपेला मी बेतानं म्हटलं, "थोडंसं दिसतंय." काकांनी गाठी सोडल्या. तिच्या पुढच्या खेपेलाही सोडल्या. आता त्यांना एका गाठीला तीन-तीनदा काटा लावावा लागे.

मग अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात एका सकाळी विमानं खरंच आली. निजामाचं राज्य आता जातंय, एवढंच आम्हाला ठाऊक. सगळी आळी दारं लावून आत बसली. तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"सूनबाई! वरून पाहा!"

सासूबाई पदर ओढत होत्या, "मरायचंय का गं?" मी पदर सोडवून जिना चढले.

जाळी अर्धीच बसली होती. सहा शिपाई उघडे पडले होते. आणि त्यांच्यावर पांढऱ्या धोतरातले, पांढऱ्या बंडीतले काका हात पसरून पालथे पडलेले.

"दिसतंय का?"

"न्हाई काका! काहीच दिसत न्हाई!"

"बराबर पाह्यलं?"

"बराबर!"

घरघर अगदी डोक्यावर आली होती.

"अन् मी?"

"तुम्ही बी न्हाई!"

तेव्हा कुठे त्यांनी जाळीची कड सोडली आणि मातीवर गाल टेकला. विमानं नव्या जालन्याकडे निघून गेली. मी तशीच उभी होते. गल्ल्या ओस, अंगणं ओस. वरून सगळ्या जुन्या जालन्यात तेवढा एकच माणूस दिसत होता.