अंबुबाईंची करडी रेघ

माणसाला एक गोष्ट नीट दिसली की काळजी वाटते. सहा गोष्टी एकदम दिसल्या की सगळं ताब्यात असल्यासारखं वाटतं. या सत्यावर आधुनिक व्यवस्थापन उभं आहे आणि आधुनिक व्यवस्थापनावर चाकणचा एक सुट्या भागांचा कारखाना. स्वरूपा तिथे रुजू झाली, तेव्हा तिच्या वरिष्ठ मंजुषा मॅडमनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "मोठे आकडे आणि छोटे आकडे एकाच पट्टीवर मांडू नकोस गं. छोटा तळाला जाऊन चिकटतो, मग त्याचं काय झालं ते कुणाला कळत नाही."

"हो मॅडम, बघते," स्वरूपा म्हणाली. (ऑफिसात 'बघते' म्हटलं की विषय संपतो.)

स्वरूपाचंही बरोबरच होतं; तिथली पद्धतच तशी होती. कारखान्यातल्या मोठ्या स्क्रीनवर दिवसाचे अठरा हजार ब्रॅकेट आणि महिन्याची मशीनमध्ये कापलेली तीन बोटं एकाच ग्राफवर सुखाने नांदत होती. ब्रॅकेटची रेघ डोंगर चढे, बोटांची रेघ शून्यावर झोपून असे. लपवलेलं काहीच नव्हतं, फक्त दिसत नव्हतं. पाहुणे येत, पारदर्शकतेचं कौतुक करत आणि ढोकळा खाऊन जात. मंजुषा मॅडमनी बोटांसाठी वेगळा ग्राफ मागितला, तेव्हा त्यांची कॅन्टीन कमिटीवर सन्मानाने नेमणूक झाली.

पुढे स्वरूपाला मुलगी झाली, सुखदा. बाळंतपणाची रजा संपली आणि सुखदाला रहाटणीच्या घरी सासूबाईंकडे, अंबुबाईंकडे, ठेवून स्वरूपा पुन्हा कंपनीच्या बसमध्ये बसू लागली. बस भोसरीच्या सिग्नलला थांबली की ती घरी फोन लावायची. दूध पोटभर प्यायली असेल का? अंग गरम लागत असेल का? शेवटी शिकलेल्या आईने जे करायला हवं तेच तिने केलं. हॉलमधल्या टीव्हीवर घराचा ग्राफ लावला, तोच मोबाईलवरही दिसेल अशी सोय केली. सुखदाचं दूध मिलिलिटरमध्ये, झोप मिनिटांत, ताप, ओले लंगोट आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी लिटरमध्ये. पाच रेघा, पाच रंग, पट्टी शून्य ते हजार.

"आईचंही काहीतरी टाक," नवरा सार्थक म्हणाला. "तिला परकं वाटायला नको."

यावर दोघांनी गंभीरपणे विचार केला. गुडघेदुखीला माप नव्हतं. मायेला असलं तरी ते मोजायचं यंत्र घरात नव्हतं. शेवटी भाकरी ठरली, कारण भाकरी मोजता येते. चांगले रंग संपले होते, म्हणून करडा दिला. ताप शंभरावर गेला की मोबाईल वाजेल अशी व्यवस्था होती. भाकरीला धोक्याची पातळी असते असं कुणी ऐकलेलं नसल्याने तिथे काही वाजायचं नव्हतं.

"मला कशाला घातलं त्या टीव्हीत?" अंबुबाई म्हणाल्या. "मी कुठं पळून चाललेय?"

पद्धत मात्र वाखाणण्यासारखी होती. रोज संध्याकाळी बूट काढता काढता स्वरूपा विचारी, "आई, आज भाकरी किती?"

"दोन लिव."

काही आठवड्यांनी, "दीड." मग, "येकच म्हन." मग, "आर्धी आसंल. दुधात कुस्करून."

स्वरूपाने एकही आकडा चुकवला नाही, गोल केला नाही, उद्यावर ढकलला नाही. इतकी शुद्ध नोंद कारखान्यातही होत नसे. आकडा टाकला की ती मान वर करून टीव्हीकडे बघे. दूध वर गेलेलं, टाकी खाली आलेली, आणि तळाशी करडी रेघ एकदम सरळ.

रविवारी संध्याकाळी चहाबरोबर आढावा असे. "बघ," सार्थक म्हणे, "या घरात सगळ्यात स्थिर कोण? आई." त्याने ग्राफचा फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकला. एकोणीस अंगठे आले. भोसरीच्या नवनाथने लिहिलं, "राव, आमच्या म्हातारीला पण असलं एक बसवून दे."

मग एक गुरुवार आला. गुरुवारी कंपनीला सुट्टी आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईटही गेलेली. टीव्ही काळा, मोबाईलची बॅटरी संपलेली. सुखदाला मांडीवर घेऊन बसलेल्या स्वरूपाला बघायला काहीच उरलं नाही, म्हणून तिने समोर जेवत असलेल्या सासूबाईंकडे बघितलं. ब्लाउज पाठीमागे पिन लावून आवळलेला होता. बांगड्या पार कोपराकडे सरकवलेल्या. त्यांनी एक घास घेतला, वर पाणी प्यायल्या, छातीवर हात ठेवून थांबल्या आणि ताट बाजूला सारलं.

"आई, काय होतंय?"

"काय न्हाई. घास जरा अडून बसतोय."

"कधीपासून?"

अंबुबाईंनी तिच्याकडे नवलाने बघितलं. "तुला रोज सांगतेय की."

काळेवाडीच्या डॉक्टरांनीही तेच विचारलं, कधीपासून. या प्रश्नाला इतकं तयार कुटुंब त्यांना पूर्वी भेटलं नसावं. स्वरूपाने चार्ज केलेला मोबाईल पुढे केला. डॉक्टरांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"ही तळाची आडवी रेघ ग्राफचीच आहे ना?"

"नाही," स्वरूपा म्हणाली, "त्या आमच्या सासूबाई आहेत."

मग तिने तिथेच बसून बाकीच्या पाच रेघा काढून टाकल्या आणि पट्टी शून्य ते दोन केली. करडी रेघ वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघाली आणि घाट उतरावा तशी खाली आली. सार्थक हळूच म्हणाला, "पण एकत्र बघितलं तर स्थिरच दिसतं." डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी लिहून दिली. अन्ननलिकेतला तुकडा काढून पाठवला आहे, रिपोर्ट यायचा आहे. तोवर अंबुबाई पेज पितात, आणि स्वरूपा शेजारी बसून घोट खाली उतरेपर्यंत त्यांच्या गळ्याकडे बघते.

तुम्ही हसलात ते ठीकच. तुमच्या हॉलमध्ये असला ग्राफ नाही. तुमच्या डोक्यात हप्ता, शिफ्ट, पाण्याचा टँकर, मुलाची टक्केवारी एवढंच आहे, आणि आई घरीच असते, तिचं ठीक चाललंय. तेव्हा एक करा. हे वाचायचं इथेच थांबवा आणि तिचं जेवण चालू असेल तर जाऊन शेजारी बसा. काही विचारू नका. विचारलंत तर ती सांगेल, आणि तुम्ही 'बरं' म्हणून परत याल. ताटात काय उरलंय, ते बघा.