स्पेनची बाई पोचली का?

या, असे जवळ सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनीही पुढं यावं. या कथेतली बाई पार स्पेनहून चालत आली आहे, तिला लांबून हाक मारणं बरं नव्हे. धोंडीरामबुवांच्या एका कीर्तनानं अख्खी आळी कशी घोरात पडली आणि त्यातून कशी सुटली, ते सांगतो. पांडुरंगाच्या कृपेनं शेवट गोड आहे, तेव्हा निर्धास्त ऐका.

सहादू बोडके पंचवटीतल्या एका छोट्या वाचनालयात कारकून होता. ओझरच्या विमान कारखान्यातले एक इंजिनिअर बदली होऊन जाताना वाचनालयाला पुस्तकांचं एक खोकं देऊन गेले. उघडून पाहिलं तर आत सगळं स्पेन! प्रवाशांना स्पॅनिश शिकवणारं एक, स्पेनच्या इतिहासाची दोन, तिथल्या आपसातल्या युद्धाचं एक, आणि देश सोडून गेलेल्या माणसांवरचं एक जाडजूड. सगळी इंग्रजीत. वाचनालयात लोक यायचे ते वर्तमानपत्रासाठी आणि पंख्यासाठी. दोन वर्षांत त्या पुस्तकांना हात लावला तो झाडणाऱ्या भागीबाईनं, तोही फडक्यानं.

सहादूचा खरा जीव कीर्तनात. आळीतल्या विठ्ठलमंदिरात श्रावणभर दुपारी चार वाजता धोंडीरामबुवांचं कीर्तन असे. बुवा सत्तरीचे. आवाज खणखणीत, पण आख्यानं तीच ती. बुवा श्वास घ्यायला थांबले की पुढचं वाक्य मंडळीच म्हणून मोकळी होत. एकोणऐंशी सालच्या श्रावणात तर समोर उरल्या चार म्हाताऱ्या आणि गार फरशीवर झोपायला येणारे एक पेन्शनर. पंचांनी बुवांना आडून आडून सांगून टाकलं, की लोक असेच घटले तर पुढल्या वर्षी पुण्याचा तरुण कीर्तनकार बोलवावा लागेल.

त्याच दिवशी बुवा वाचनालयाची पायरी चढून आले.

"सहादू, तुझ्या कपाटात एवढं भरलेलं आहे. मला एक नवं आख्यान दे. कुणी ऐकलं नसेल असं."

"कुणीच ऐकलं नसेल असं म्हणजे मग स्पेनच, बुवा."

"चालेल. तिथं माणसं राहतात ना?"

"राहतात की."

"दुःख आहे?"

"पोतंभर."

"मग झालं तर. काढ बाहेर."

सहादूनं ते जाडजूड पुस्तक मधोमध उघडलं आणि एक प्रकरण मराठीत सांगत गेला. युद्धात हरलेली माणसं घरंदारं सोडून निघाली आहेत. ऐन जानेवारी. समोर बर्फाचा डोंगर, पलीकडे परका देश. त्या रांगेत एक बाई. कडेवर तान्हं, बोटाला सहा वर्षांचा मुलगा आणि डोक्यावर शिवणयंत्र. तिचं नाव काही पुस्तकात नव्हतं. प्रकरण संपलं तेव्हा ती डोंगराच्या निम्म्यावर होती. बुवांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"लेकराला 'चल बाळा' म्हणताना ती काय म्हणत असेल रे?"

सहादूनं भाषेचं पुस्तक चाळलं. "वामोस."

"वामोस," बुवा पुटपुटले आणि तिथंच त्यांनी त्याला भैरवी लावली.

दुसऱ्या दिवशी बुवा उभे राहिले आणि कीर्तन असं रंगलं म्हणता! पेटीवाला स्वर धरायचं विसरला. बर्फ म्हणजे काय हे आळीत कुणी पाहिलं नव्हतं, तरी बायकांनी पदर अंगाभोवती लपेटून घेतले. बुवांची जुनी हातोटी अशी, की जे सांगायचं ते आत्ता घडतंय असं सांगायचं. "ती बघा, चालली आहे माउली! पोराच्या पायात वहाण नाही. आत्ता या घटकेला त्याचं पाऊल बर्फात पडतंय, आणि आपण इथं सावलीत बसलो आहोत!" वामोस, वामोस असा गजर झाला. बाईला डोंगराच्या निम्म्यावर उभी करून बुवांनी आरती उरकली आणि प्रसाद वाटला. पेन्शनर जागे होते.

तिसऱ्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गरुडखांबाशी चार गोधड्या येऊन पडल्या होत्या.

"या कुणाच्या?" सहादूनं विचारलं.

"त्या पोरांच्या," मालनबाई म्हणाल्या. मालनबाई मूळच्या विंचूरच्या, भावाचा कांद्याचा व्यापार, आणि आळीत त्यांच्या शब्दापुढं कुणाचा शब्द जात नसे. "लेकरं गारठून मरायली अन् आपण नुसतं टाळ कुटायचं व्हय? भावाला सांगावा धाडलाय. कांदा येतोय."

कांदा आला. गहू आला, बाजरी आली, लहान मुलांच्या वहाणा आल्या. शिंप्याच्या लताबाई सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचं अंगडं शिवून घेऊन आल्या.

"सहादूभाऊ, त्या बाईला सरळ आमच्याकडंच पाठवून द्या. आम्हाला कुठं लेकरू आहे? शिवाय मशीन ती स्वतःचंच घेऊन येतीय. दोघी मिळून लग्नसराईचे ब्लाउज उरकू."

ओझरला फिटर असलेला कारभारी म्हणाला, "विमानाचं माझ्यावर सोडा. आम्ही जोडतोच की विमानं. साहेबांच्या कानावर घालतो."

"अरे, ती लढाऊ विमानं," सहादू म्हणाला. "त्यात एक माणूस कसाबसा मावतो."

"मग कांदा मावणार नाही असं म्हणता?"

पंचांची बैठक बसली. पुण्याच्या कीर्तनकाराचं नाव कुणी काढलं नाही. ठरलं ते एवढंच, की स्पेनच्या सरकारला पत्र टाकायचं, माल कुठं उतरवायचा ते विचारायचं, आणि पत्र त्यांच्याच भाषेत असायचं. सगळ्या माना सहादूकडं वळल्या.

सहादू बिचारा भाषेचं पुस्तक घेऊन बसला. पण ते पुस्तक होतं प्रवाशांचं. त्यात होती तयार वाक्यं, हॉटेलातली, स्टेशनावरची आणि डॉक्टरकडची. त्यातूनच जमेल तसं त्यानं जुळवलं. "नमस्कार. आम्ही नाशिकहून आलो आहोत. आमच्याजवळ पुष्कळ कांदे आहेत. सामान कोठे ठेवावे? माझ्या पत्नीला थंडी वाजते आहे. कृपया मुलांसाठी एक खोली दाखवा." आता फक्त सरकारचं नाव घालायचं बाकी होतं. म्हणून त्यानं इतिहासाचं पुस्तक उघडलं, आणि त्याच्या हातातला टाकच गळाला.

ज्या सरकारला तो पत्र लिहीत होता, ते एकोणीसशे एकोणचाळीस सालीच संपलं होतं. बाई डोंगर चढत होती तीही त्याच सालच्या जानेवारीत. प्रकरणाच्या पहिल्या पानावर साल ठसठशीत छापलेलं, आणि सहादूनं पुस्तक उघडलं होतं मधोमध! चाळीस वर्षं. म्हणजे लताबाईंनी ज्याला अंगडं शिवलं तो मुलगा आता शेहेचाळीस वर्षांचा, बहुधा टक्कल पडलेला.

तो धावतच बुवांकडं गेला. बुवा कीर्तनासाठी पगडी बांधत होते, चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी तेज आलं होतं. सहादूनं मान खाली घालून सगळं सांगितलं. बुवांचे हात थांबले.

"म्हणजे लोकांनी लेकराबाळांच्या अंगावरचं काढून दिलं, ते माझ्या खोट्यावर?"

"चूक माझी आहे, बुवा. मी साल बघितलं नाही."

"तोंड माझं होतं ना?" बुवांनी पगडी पुरी बांधली. "आज उभा राहतो आणि सांगून टाकतो. लोकांना फसल्यासारखं वाटलं तर पुढच्या वर्षीची वाट कशाला बघायची? चिपळ्या आजच देवापुढं ठेवीन."

सहादू हात चोळत मागोमाग निघाला. पन्नास वर्षांचं कीर्तन, आणि ते आपल्यामुळं थांबणार! त्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं, लोक बाहेर कट्ट्यावर उभे होते. बुवांनी नमन केलं, अभंग काही घेतला नाही. हात जोडून म्हणाले, "मंडळी, मी तुमचा अपराधी आहे. ती बाई चाळीस वर्षांपूर्वी निघाली होती. मला ठाऊक नव्हतं, पण मी 'आत्ता' म्हणालो. तुमचं दिलेलं ज्यानं त्यानं घेऊन जावं, आणि मला रजा द्यावी."

सहादू खांबाआड सरकला. मग मालनबाई उठल्या. त्या उठल्या की आळीतली कुत्रीसुद्धा गप्प होत.

"बुवा, एक विचारू? देव वनवासाला दरसाल निघत्यात ना तुमच्या कीर्तनात?"

"निघतात."

"हितंच, पंचवटीत, आपल्या गोदागंगेवर येऊन ऱ्हात्यात. आम्ही दरसाल रडतो, दरसाल पंगत घालतो. ते किती साली निघाले ते आम्ही कधी विचारलं का तुमास्नी? मग या बाईलाच सालाची चौकशी कशापायी?"

देवळात कुणीतरी फिसकन हसलं. लताबाई हळूच म्हणाल्या, "पण मग त्या अंगड्याचं काय करू?"

"त्याच्या नातवाला हुईल," मालनबाई म्हणाल्या. "ते ऱ्हाऊ द्या. सहादू, तू खांबाआड का लपतोस? पुढं ये. खरं सांग, बाई पोचली का?"

ते सहादूलाही ठाऊक नव्हतं. पुढचं प्रकरण त्यानं वाचलंच नव्हतं.

"बघून येतो," तो म्हणाला आणि त्यानं सायकलवर टांग टाकली. मागं बुवांनी गजर धरला. बाई चाळीस वर्षं डोंगरावर उभी होती, आणखी थोडा वेळ तिला वामोस वामोस म्हणून धीर द्यायचा एवढंच. वाचनालयात सहादूनं उभ्यानंच पानं उलटली. पलीकडच्या देशातल्या वाळूवरच्या छावण्या गेल्या, काटेरी तारा गेल्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग एक फोटो आला. पाहिला आणि तो पुस्तकासकट परत फिरला.

देवळात शिरला तो ओरडतच. "जहाज! डोंगर ओलांडून गेली माणसं, तिथून जहाजानं मेक्सिकोला! तिथल्या लोकांनी बंदरावर येऊन घेतलं त्यांना. हे बघा!"

फोटोत जहाजाचा डेक होता आणि त्यावर शेकडो माणसं, एकेकाचा चेहरा तिळाएवढा. मालनबाईंनी एका तिळावर बोट ठेवलं. "ही बघ. हीच ती."

"छे! ती नव्हे," लताबाई म्हणाल्या. "ही, कठड्याजवळची. पोराला कशी धरून उभी आहे बघा."

"त्या दोन्ही नव्हेत," पेन्शनर म्हणाले. ते आता पुरते जागे झाले होते. "ही इकडची, हात हलवते आहे ती."

पुस्तक बायकांत फिरलं, पुरुषांत फिरलं, बाहेर कट्ट्यापर्यंत गेलं. प्रत्येकाला आपापली बाई सापडली, आणि दुसऱ्याची कुणी मान्य करेना. बुवा देवाकडं तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. हसत होते की रडत होते ते सहादूला कळलं नाही. मग ते वळले, चिपळ्या उचलल्या आणि म्हणाले, "मंडळी, भांडू नका. सगळ्याच पोचल्या."

अख्ख्या देवळानं जो सुस्कारा सोडला, त्यानं समईची वात हलली. मालनबाईंनी पदर खोचला. "मग बसलात काय? बाई पोचली! गहू दळायला टाका. कांद्याची भजी करा." गोधड्या घाटावर उघड्यावर निजणाऱ्यांकडं गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी आळीत गोड पंगत बसली. पानं वाढून झाली तेव्हा बुवा संकल्प सोडायला उठले आणि पाणी हातात घेऊन थबकले. कुणाच्या नावानं सोडायचा? नाव तर पुस्तकातही नाही. शेवटी ते म्हणाले, "जी पोचली तिच्या नावानं," आणि पाणी सोडलं.

तर मायबाप हो, एवढं करा. पंगतीत बसाल, पान भरलेलं असेल, वाढणारा आग्रह करत असेल, तेव्हा पहिला घास उचलण्याआधी क्षणभर तिला आठवा. नाव नसलं म्हणून काय झालं?