बेहड्यावरच्या एकेचाळीस सह्या

एका जंगलात त्या दिवशी मोठी छान हवा पडली होती. माघ सरत आला होता. सकाळचं धुकं निघून गेलं होतं आणि ऊन असं कोवळं होतं, की घोरपडसुद्धा दगडाला पोट लावून डोळे मिटून पडली होती. वारा अजिबात नव्हता. हे वाऱ्याचं नीट लक्षात ठेवा, मुलांनो. पुढे लागेल.

हा सह्यांचा दिवस. पण सह्या कशाच्या, ते आधी ऐका.

त्या जंगलात एक म्हातारा धनेश राहायचा. धनेश म्हणजे मोठ्या चोचीचा पक्षी. एका बेहड्यावर त्याची ढोली होती. ढोली त्याची, झाड मात्र गव्यांचं. गव्यांच्या खापरपणजोबाने त्या झाडाला पहिल्यांदा पाठ घासली, म्हणून झाड त्यांचं झालं. असं कसं, ते विचारू नका. जमीनजुमला असाच कोणाचा तरी होतो. धनेशाच्या आजोबांनी त्यांच्याकडून ती ढोली नव्याण्णव पावसाळ्यांच्या भाडेपट्ट्याने घेतली होती.

एके दिवशी धनेशाच्या मुलासाठी स्थळ सांगून आलं. मुलीचा बाप फांदीवर बसला, दोन उंबरं खाल्ली आणि म्हणाला, “मुलगा चांगला आहे. ढोली कोरडी आहे. पट्टा किती उरलाय?”

“अकरा पावसाळे,” धनेश म्हणाला.

पाहुण्याने तिसरं उंबर खाली ठेवलं.

आता धनेशांची रीत अशी, की अंडी घालायच्या वेळी बायको ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. नवरा फटीतून भरवतो. म्हणून मुलीकडचे मुलगा कमी आणि ढोली जास्त बघतात.

“माझी लेक आत बसायची,” पाहुणा म्हणाला, “अन् पट्टा अकराचा. लोक काय म्हणतील? होळीच्या आत वाढवून घ्या. नाहीतर ओढ्याकडचं एक स्थळ आहे. त्यांचा सत्तरचा आहे.”

पाहुणा गेल्यावर धनेशीण म्हणाली, “अहो, पिल्लं तीन महिन्यांत उडतात. अकरा वर्षं काय थोडी झाली?”

“तू गप गं,” धनेश म्हणाला. “तुला व्यवहारातलं कळत नाही.”

तो थोरल्या गव्याकडे गेला. “दादा, पट्टा वाढवून पाहिजे.”

“घे की. माझी काय ना नाही,” गवा रवंथ करत म्हणाला. “पण मी एकटा कुठं मालक? आम्ही एकेचाळीस हिस्सेदार. सगळ्यांच्या सह्या लागतील.”

गव्याची सही म्हणजे झाडाला पाठ घासणं. एकाने घासली, की एक सही.

धनेश आठ दिवस रानोमाळ हिंडला. कोणी पाणवठ्यावर सापडला, कोणी डोंगरामागे. एक चुलतभाऊ रुसून घाटाखाली जाऊन राहिला होता. त्याची समजूत काढता काढता धनेशाची चोच दुखली.

शेवटी सगळे जमले. तोच हा दिवस. गवे रांगेत उभे राहिले आणि सह्या सुरू झाल्या.

सतरावी सही झाली, तेव्हा वरच्या भोकातून सुतार पक्ष्याने मान बाहेर काढली. “धनेशराव, झाड करकरतंय.”

“थंडीने असेल.”

“थंडी कुठाय?”

“सुतारभाऊ, चोवीसच राहिल्यात. आता थांबवलं, तर झालेल्याही फुकट जातील.”

 सुताराने आपलं बिऱ्हाड शेजारच्या ऐनाच्या झाडावर हलवलं. त्याचा पट्टा नव्हताच, त्यामुळे कोणाला विचारायचं नव्हतं.

तिसाव्या सहीला साल निघाली. पस्तिसाव्या सहीला झाड डुगडुगायला लागलं, तशी धनेशीण बाहेर येऊन बसली. एकेचाळिसावा घाटाखालचा चुलतभाऊ. नुकताच रुसवा निघालेला, म्हणून त्याने जरा मनापासून घासली.

वारा अजिबात नव्हता. बेहडा सावकाश आडवा झाला.

धुरळा बसल्यावर थोरला गवा म्हणाला, “झाला तुझा पट्टा पक्का. आजपासून पुढे नव्याण्णव.”

धनेशाला फार बरं वाटलं.

होळीच्या आदल्या दिवशी पाहुणा लेकीला घेऊन आला. आडव्या खोडावरून चालत त्याने एकेक सही मोजली. एकेचाळीस भरल्या. “काम चोख केलंत,” तो म्हणाला. “आता नाही म्हणायला जागा नाही.”

मुलगी ढोली बघायला गेली. ढोलीचं तोंड जमिनीला टेकलं होतं. तिने वाकून पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं.

मुलगा हळूच म्हणाला, “पलीकडे एक आंबा आहे. त्याला ढोली आहे. पण झाड कोणाचं, ते कोणालाच माहीत नाही.”

“कोणी पाठ घासलीय त्याला?”

“नाही.”

“मग चल,” ती म्हणाली.

दोघं उडून गेली. पावसाआधी त्यांचं पिल्लू आंब्यावर ओरडायला लागलं. धनेशीणही नातवाला भरवायला तिकडेच गेली, ती अजून आलेली नाही.

धनेश मात्र रोज सकाळी आडव्या बेहड्यावर येऊन बसतो. पट्टा राखायला कोणीतरी हवं ना.

तात्पर्य: मुलांनो, राहतं घर एक वेळ पडलं तरी चालेल, पण त्याचा पट्टा संपू देऊ नये. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. शेजारच्या ऐनावरून सुतार पक्षीही धनेशाला हेच म्हणाला, “निवांत बसा, राव. आता नव्याण्णव वर्षं तुम्हाला इथून कोणी उठवू शकत नाही.”