गुलाबाच्या वासाचं पॅड

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या बापाचा एक हट्ट होता. स्वतः बसून बघितल्याशिवाय तो एकही सीट गिऱ्हाइकाच्या हवाली करत नसे. एका रात्री लेक जेवताना अवघडून चुळबुळत म्हणाली, "बाबा, हे पाळीचं पॅड फार टोचतं. दुसरं कुठलं घेऊ?" तेव्हा त्याला उत्तर माहीत नव्हतं, पण पद्धत माहीत होती. लेकीची आई कामासाठी परगावी गेलेली. ती फोनवर "सगळं कपाटात ठेवलंय" एवढंच म्हणाली आणि मीटिंगला गेली.

सकाळी बापाने कपाटातलं पाकीट फोडलं आणि पंखवालं, गुलाबाच्या वासाचं एक पॅड स्वतःच लावून दुकान गाठलं.

सुरुवात बरी झाली. फोम उत्तम आहे, असं त्याने मनाशी मतही दिलं. दुपारपर्यंत मात्र पंखांनी मांड्यांशी वैर धरलं. मशीनवर बसवेना, बसलं तर उठवेना, आणि चालताना त्याचे दोन पाय एकमेकांना ओळख दाखवीनात. डबा घेऊन आलेल्या बहिणीने ते दारातूनच हेरलं.

"मूळव्याध?"

खरं सांगण्यापेक्षा मूळव्याध परवडली. तो "हो" म्हणाला.

बहिणीला हळू बोलणं जमत नसे. शेजारचा पंक्चरवाला लगेच स्कूटरची ट्यूब फुगवून घेऊन आला. "यावर टेका, दादा. माझ्या सासऱ्यांना फार आराम पडला." समोरच्या न्हाव्याने गल्लीत आजवर कुणाकुणाला हा त्रास झाला, ते नावानिशी सांगितलं. बाप ट्यूबवर बसला. तो श्वास घेई, तशी ट्यूब कुरकुरे. तेवढ्यात बहीण कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आली.

"त्या सीटवर पालथे झोपा. पँट सैल करा."

बापाने पट्टा दोन्ही हातांनी धरला. "आता बरं वाटतंय. उद्या बघू."

"लाजतो मेला," बहीण म्हणाली आणि तिने त्याचा एक हात ओढला. दुसरा पंक्चरवाल्याने धरला. अशा अवस्थेत लेक शाळेतून थेट दुकानात आली.

"आत्या, सोड त्यांना," ती शांतपणे म्हणाली. "बाबांनी माझं पॅड लावलंय. पाकीट फोडलेलं दिसलं, तेव्हाच मला शंका आली होती."

पंक्चरवाल्याने ट्यूब काखेत मारली आणि तो गेला. न्हाव्यालाही गिऱ्हाईक आठवलं. डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढून तपासलं.

"सकाळपासून हेच?"

"हो. दिवसभर टिकतं का, तेच बघत होतो."

"अहो, चार-सहा तासांनी बदलायचं असतं. अंग सोलवटलंय तुमचं. त्यात हे वासाचं."

"मला कुणी सांगितलंच नाही," बाप म्हणाला.

"मला पण नाही," लेक म्हणाली.

"मला वाटलं, वहिनीने सांगितलं असेल," आत्या पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं आणि दवाखान्यातली रांग विसरून तिघांना सगळं समजावलं. बिनवासाचं सुती पॅड, अंगाच्या मापाचं. शाळेसाठी धुऊन वापरता येणारी पाळीची चड्डी. आणि बदलायला लाज वाटून घ्यायची नाही. लेकीने चड्डीबद्दल तीन-चार प्रश्न विचारले आणि तीच आधी घेऊन बघायचं ठरवलं. मापाचं आत्याने विचारलं, स्वतःच्या.

जाताना डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली. मलम एकच होतं, ट्यूबा दोन, बापलेकीला एकेक.