प्रश्नावलीत न बसणारे डोळे

बाळाच्या आईचे डोळे कोरडे पडले होते. कुणीतरी मूठभर वाळू टाकून निघून गेल्यासारखे चुरचुरायचे. तिला हवी होती फक्त थेंबांची एक बाटली. परंतु त्या दवाखान्यात डोळ्यांकडे थेट पाहण्याची पद्धत नव्हती. आधी प्रश्नावली, मग गुण, आणि गुण भरले तरच थेंब.

“गेल्या आठवड्यात वाचताना त्रास झाला?” खिडकीतल्या ताईंनी विचारलं. “कधीच नाही, कधी कधी, की सतत?”

“वाचलंच नाही हो. पुस्तकाची पानं बाळ खातं.”

“मग ‘लागू नाही’. टीव्ही बघताना?”

“तो सासूबाई बघतात. मला नुसता ऐकू येतो.”

“लागू नाही. एसीत बसल्यावर?”

“बसल्यावर?” हा शब्द तिने फार दिवसांनी ऐकला होता.

“लागू नाही. वाऱ्यावर फिरताना?”

“गॅलरीत दुपटी वाळत घालते, ते धरता का?”

“फिरणं म्हणजे रिकाम्या हातांनी. लागू नाही.”

“बाळाकडे बघताना मात्र सतत चुरचुरतात. तसा प्रश्न आहे का?”

ताईंनी कागद उलटापालटा करून पाहिला. “नाही. बाळ हे बघण्यात धरत नाहीत.”

मग नियमानुसार मिळालेल्या गुणांना लागू प्रश्नांच्या संख्येने भागण्यात आलं. शून्य भागिले शून्य. संगणक बराच वेळ घुटमळला आणि त्याने निष्कर्ष दिला: रुग्णास डोळे असल्याचे आढळत नाही.

डॉक्टरांनी तो गंभीरपणे वाचला. समोरून दोन लालबुंद डोळे त्यांच्याकडे बघत होते.

“थेंब देता येणार नाहीत,” ते म्हणाले. “नसलेल्या डोळ्यांत औषध घातलं, तर मला वर उत्तर द्यावं लागतं. आधी डोळे वापरात आणा. आठवडाभर वाचन, टीव्ही, एसी आणि वारा.” त्यांनी चिठ्ठीवर शिक्का मारला.

“अगं, पण स्वयंपाक?” घरी नवऱ्याने चिठ्ठी वाचून विचारलं.

“चिठ्ठीत नाही.”

“आणि बाळ?”

“तेही नाही.”

शिक्क्यापुढे कुणाचं काय चालणार? सासूबाईंनी रिमोट असा सोपवला, की जणू घराच्या किल्ल्याच. एसी घरात नव्हता, म्हणून तिला रोज बँकेत नेऊन बसवण्यात आलं. वारा पडला, त्या दिवशी नवऱ्याने एका हातात बाळ घेऊन दुसऱ्या हाताने तिला वर्तमानपत्राने वारा घातला. ती मात्र पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर झोपायची, टीव्हीसमोर झोपायची, बँकेत तर टोकन हातात धरून झोपायची.

आठवड्याने डोळे टवटवीत झाले. सगळ्या प्रश्नांना उत्तर एकच: कधीच नाही. डोळे सापडल्याबद्दल संगणकाने अभिनंदन केलं.

“त्रास नाही, म्हणून थेंबही नाहीत,” डॉक्टर म्हणाले.

“माझेच चुरचुरतायत हो,” मागून नवरा म्हणाला. त्याच्या कडेवर बाळ होतं आणि खांद्यावर दुपटं.

“वाचताना?” ताईंनी नवा कागद घेतला.

“वाचतंय कोण?”

“लागू नाही,” ताई म्हणाल्या. बाळाच्या आईने हात पुढे करून बाळ घेतलं.

तेव्हापासून त्या घरात एका वेळी एकालाच डोळे असतात. दोघांना एकदम मिळाले, तर बाळाकडे बघायचं कुणी?

तुम्ही हे इथपर्यंत निवांत वाचलंत, म्हणजे या आठवड्यात डोळे तुमच्याकडे आहेत. आत भांड्यांचा आवाज येतोय. तिथे कुणाचे गेलेत, ते जरा उठून बघा.