नानामास्तरांचा साहेब

नानामास्तर कुणाच्या घरी गेले की पाणी मागायच्या आधी भिंतीवर बोटानं टकटक करीत. आत माती आणि वर दगडी बांधकाम वाटावं म्हणून चुन्यात ओढलेल्या रेघा, असं कळलं की संपलंच! "खोटं! बठ्ठं खोटं शे! साहेब म्हणतो, मातीनं मातीसारखं दिसावं."

हा साहेब म्हणजे कलेक्टर नव्हे बरं का. विलायतेतला एक टीकाकार, केव्हाच वारलेला. चित्रं, इमारती, कारागिरांचं जिणं, यांवर त्यानं ढीगभर लिहून ठेवलं होतं आणि आमच्या धुळ्याच्या शाळेतले हे ड्रॉइंगमास्तर त्याच्यापायी पार खुळावले होते. हेडमास्तरांच्या वास्तुशांतीला त्यांनी संगमरवरासारखा रंगवलेला खांब नखानं खरवडून आतलं लाकूड भर पंगतीत दाखवलं. जिलबी माझ्या घशात अडकली! तेव्हापासून मी या माणसाला टरकून असे.

म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला, कमलला, बघायला नरडाण्याचे पाहुणे यायचे ठरले तेव्हा शेजारचे नाना येऊन टपकू नयेत अशी आम्ही मुद्दाम शाळेची वेळ धरली. आधीची दोन स्थळं हातची गेली होती. त्यात कमलला धड बटण लावता येईना, आणि पाहुण्यांना पोरीच्या हातचं भरतकाम तर दाखवायलाच हवं. आईनं ट्रंकेतून पोपटाची चौकट काढून भिंतीवर लावली. ती भरली होती नानांच्या बायकोनं. घरी नाना टाक्याटाक्यावर व्याख्यान देत, म्हणून बिचारी दुपारी आमच्याकडे येऊन भरायची. चौकट पुरी झाली आणि त्याच महिन्यात ती तापानं गेली. नानांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्यापुढे ती काढायचा आईला कधी धीर झाला नाही.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी, आबांनी, नेमकी त्या दिवशी शाळा लवकर सुटल्यानं वाटेत भेटलेल्या नानांनाही सोबत आणलं होतं. आबांचा भाचा त्यांचा विद्यार्थी! आई दाराआडून पुटपुटली, "पोरनं लगीन मोडी टाकी हाऊ माणूस."

नाना चौकटीसमोर जाऊन उभे राहिले. हलेचनात.

"मास्तर, तुमले कळस," आबा म्हणाले. "हाई काम पोरनाच हातनं शे ना?"

कमल मान खाली घालून उभी होती. झालं, आटोपलं, मी मनात म्हटलं.

नानांनी काचेवरून पोपटाच्या पंखाच्या टाक्याटाक्यावर बोट फिरवलं. घसा खाकरला.

"कमलनाच हातनं शे, आबा."

सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर आईनं रडत रडत चौकट उतरवून नानांपुढे धरली. "तुमनी शे, नाना. घर लई जा."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि चौकट आईच्या हाती परत दिली. "नको, वैनी. सासरी हीच मागतील. तिच्या सामानात घाला."

इतके दिवस मला या माणसाची धास्ती वाटे. त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

लग्नापर्यंत शाळा सुटली की ते रोज येऊन चौकटीसमोर बसत. आई चहा ठेवी, तो तसाच निवून जाई. कमलच्या पाठवणीला मात्र ते आले नाहीत.