चौगुले-ऐच्छिक

सॉफ्टवेअरच्या पॅकेजचं विभाजन झालं की ते सांभाळणाऱ्या माणसाचंही विभाजन होतं, हा चिंच लिनक्सचा पहिल्यापासूनचा नियम आहे. त्यामुळे 'अक्षर'चे दोन भाग करायचं ठरलं तेव्हा यशोधन चौगुलेने फक्त तारीख विचारली.

"पुढच्या महिन्याची पहिली," संस्थेच्या सचिव कुंभोजकर मॅडम म्हणाल्या. "तीस दिवस आधी सूचना द्या. वापरणाऱ्यांना अंधारात ठेवायचं नाही."

चिंच लिनक्स मिरजेत तयार होतं आणि आसपासच्या शाळा, वाचनालयं आपले संगणक त्यावर चालवतात. त्यातलं मराठी टायपिंगचं 'अक्षर' हे पॅकेज यशोधनने एकोणीस वर्षं एकट्याने सांभाळलं होतं. दरवर्षी ते फुगत गेलं. आता टायपिंगला लागतं तेवढंच मूळ पॅकेजमध्ये ठेवायचं आणि शब्दकोश, शब्दकोडी वगैरे 'अक्षर-ऐच्छिक'मध्ये हलवायचं असा ठराव झाला. ऐच्छिक पॅकेज आपणहून कुणाकडे जात नाही. ज्याला हवं त्याने मागायचं.

यशोधनचीही वाटणी याच तत्त्वावर झाली. नोकरी, जेवणखाण, गॅसचा नंबर लावणं हे मूळ यशोधनमध्ये. शीळ घालणं, शेजाऱ्यांच्या नकला करणं आणि संध्याकाळी बायकोबरोबर कॅरम खेळणं हे ऐच्छिकमध्ये. कॅरमपाशी तो जरा अडला.

"कॅरम मूळमध्ये राहू दे की मॅडम. रोजचं आहे ते."

"कॅरमवाचून घर बंद पडतं का?"

यशोधन प्रामाणिक माणूस. त्याने विचार केला आणि "नाही" म्हणाला. मॅडमनी कॅरमपुढे खूण केली.

घरात त्याला वापरणारी एकच, त्याची बायको वृंदा. तिला तोंडी सांगायला मनाई होती. जे काही सांगायचं ते पडद्यावरच्या सूचनेतून. तिने मागणी नोंदवली नाही, तर ऐच्छिक यशोधन संस्थेच्या भांडारात फळीवर बसून राहणार आणि संध्याकाळी सहाला कॅरमवर पावडर पडणार नाही. पण यशोधन घाबरला असं नाही. सूचना लिहिण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कुणी नव्हता.

वाचणारा मात्र अजून भेटायचा होता. लोक 'हो' दाबून मोकळे होतात. खात्री करावी म्हणून त्याने एकदा एका सूचनेच्या अकराव्या ओळीत लिहिलं होतं, 'ही ओळ वाचणाऱ्याने रविवारी आमच्याकडे श्रीखंड खायला यावं.' त्या रविवारी तो दुपारपर्यंत दारात खुर्ची टाकून बसला. कुणी फिरकलं नाही. योगायोगाने वृंदाने त्या दिवशी श्रीखंडच केलं होतं. ते दोघांनी संपवलं.

विभाजनाची सूचना त्याने चौदा वेळा लिहून काढली. 'वाईट वाटून घेऊ नये' एवढं वाक्य मॅडमनी वगळलं. वृंदाने ती घरच्या संगणकावर उघडली तेव्हा तो दाराआड उभा होता. तिने 'हो' दाबलं आणि कुकर लावायला गेली. किती वाचलं ते त्याला काही दिसलं नाही.

महिनाभर रोज कॅरम खेळताना त्याला वाटायचं, आता विचारेल. ती म्हणायची, "तुमची पाळी."

पहिल्या तारखेला सकाळी नऊ वाजता संस्थेत विभाजन झालं. मूळ यशोधन डबा घेऊन आपल्या टेबलाशी गेला. जुन्या नावाने हाक मारणाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून नियमाप्रमाणे एक रिकामा यशोधनही ठेवला. त्याच्यात काहीच नसतं. हाक आली की उठून बाकीच्या दोघांकडे बोट दाखवायचं, एवढंच त्याचं काम. ऐच्छिक यशोधनला भांडारपाल दस्तगीर मुल्लाणींनी तिसऱ्या फळीवर बसवलं.

"पाठ टेकून बसा निवांत," मुल्लाणी म्हणाले. "गेल्या सालचे शिरगुप्पे अजून हायेत वरच्या फळीवर."

"कशाला? मला न्यायला येतील."

"सगळे असंच म्हणतात बघा."

सव्वानऊला भांडाराच्या खिडकीशी वृंदा उभी होती. हातात कॅरमच्या पावडरचा नवा डबा.

"चौगुले-ऐच्छिक द्या," ती म्हणाली. "विभाजनाआधी मागणी घेणार नाही असं सूचनेत होतं. सत्ताविसावी ओळ. म्हणून महिनाभर गप्प बसले."

मुल्लाणींनी चष्मा कपाळावर चढवला. "सूचना वाचली तुम्ही?"

"एकोणीस वर्षं वाचतेय. त्या रविवारी मी चक्का काय उगाच टांगला होता?"

फळीवर बसल्याबसल्या यशोधनला भरून आलं. भरून येणं ऐच्छिकमध्येच होतं.

"तिघांची आवृत्ती एकच राहील एवढं बघा वहिनी," मुल्लाणींनी बजावलं आणि सहीसाठी वही पुढे सरकवली.

संध्याकाळी सहाला वृंदाने "अहो" म्हणून हाक मारली. रिकामा यशोधन उठला, त्याने दोघांकडे बोट दाखवलं, आणि चौघंजण कॅरमभोवती बसली. वृंदाने जोडीला रिकाम्याला घेतलं. त्याची पाळी आली की तो दोन्ही बाजूंच्या यशोधनांकडे बोट दाखवायचा आणि स्ट्रायकर पुढे जायचा.

पहिला डाव वृंदा आणि रिकाम्याने जिंकला. ऐच्छिक यशोधनने शीळ घालत सोंगट्या पुन्हा मांडल्या.